जी सेव्हन धरता, पण त्यातला सेव्हन वाजतच नाही?

उकुलेले, म्हणजे चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य, घेऊन दोन-तीन महिने झालेल्यांची एक ठरलेली तक्रार असते आणि मी ती स्वतः वर्षभर केली आहे. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जुडगा) वाजते, एफ वाजते, ए मायनर तर झोपेतही वाजते. जी सेव्हन आली की मात्र गाणं जरा बसल्यासारखं होतं. बेसूर काही नसतं, म्हणून नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. रविवारी निवांत बसून एकेक बोट तपासलं की कॉर्ड छान लागते, चार-पाच दिवस टिकते, आणि पुढच्या रविवारी पहिले पाढे पंचावन्न. बोटं दुखतात म्हणावं तर बोटांना घट्टे पडलेले. तारा नवीन टाकून झाल्या, ट्यूनर बदलून झाला. दोष जातो आणि परत येतो.

माझा दोष पकडला तो कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या पेटीवाल्या काकांनी. त्यांचं आयुष्य भजनी मंडळात पेटी वाजवण्यात गेलं. उकुलेले त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितलं. जुलै महिना, पाऊस धरलेला, मंडळाची बैठक रद्द, म्हणून मी त्यांच्या सोप्यात बसून सी, जी सेव्हन, परत सी असं फिरवत होतो. चौथ्या फेरीला त्यांनी हात वर केला.

"आरं मर्दा, त्यातला मध्यम कुठं गेला?"

"आहे की काका. हे बघा, बोट आहे तिथं."

"बोट हाय. सूर न्हाई."

त्यांनी पेटी पुढं ओढली, भाता हलवला आणि चार पट्ट्या एकदम दाबल्या. पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी दोन, पांढरी चार. सोप्यात एक ताण उभा राहिला, आता कुठंतरी उतरलंच पाहिजे असा. मग पांढरी चारवरचं बोट तेवढं उचललं. बाकी तिन्ही सूर चालूच, पण ताण गेला. "ह्यो तुझा," म्हणाले. मग मला एकेक तार छेडायला लावली. जी वाजली. सी वाजली. ई तारेवर नुसतं 'टप्'. ए वाजली. शाहू महाराजांनी ज्या गावात अल्लादियाखाँसाहेबांना आणून ठेवलं, तिथं एका सुरासाठी अडून बसणारी माणसं असणारच. पण वर्षभर मला ऐकू न आलेली गोष्ट त्यांना चौथ्या फेरीत ऐकू आली, हे जरा लागलं.

जी सेव्हनसारख्या, म्हणजे डॉमिनंट सेव्हन, कॉर्डमध्ये चार सूर असतात. कॉर्डचा पहिला सूर सा धरला तर सा, ग, प आणि कोमल नी. खमाज थाटात हे चारही जसेच्या तसे आहेत. यातला कोमल नी काढून घेतला की उरते साधी मेजर कॉर्ड. जी सेव्हनचे सूर जी, बी, डी, एफ; पेटीवर सगळ्या पांढऱ्याच. एफ हा जी चा कोमल नी. गाण्याचा सा मात्र पांढरी एक असेल तर तोच एफ शुद्ध मध्यम होतो, म्हणून काका त्याला मध्यम म्हणाले.

उकुलेलेवर ही कॉर्ड ०२१२ अशी लिहितात, तारांचा क्रम जी, सी, ई, ए. आकडा म्हणजे ती तार कितव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) दाबायची ते, शून्य म्हणजे उघडी. जी उघडी. सी दुसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटानं, ई पहिल्या फ्रेटवर तर्जनीनं, ए दुसऱ्या फ्रेटवर अनामिकेनं. एफ फक्त एकाच ठिकाणी आहे, ई तारेवर. ती तार मुकी झाली तर राहतात जी, डी आणि बी, म्हणजे जी मेजर. इथंच सगळी मेख आहे. तार मेली म्हणून कॉर्ड बिघडत नाही, साधी होते. सी पट्टीच्या गाण्यात जी सेव्हनच्या जागी जी मेजर वाजली तर कुणी दचकत नाही. बेसूर असतं तर शेजाऱ्यांनीच सांगितलं असतं.

भर म्हणून ई तार मधली. वरून खाली हात मारला की कानात राहते ती शेवटची ए, नाहीतर वरची जी. मधली तार गर्दीत गेली तर पत्ता लागत नाही. सी सेव्हन म्हणजे ०००१. तिथं सेव्हनचा सूर ए तारेवर, अगदी कडेला असतो आणि मेला की लगेच कळतो. लोकांना सी सेव्हन सोपी वाटते त्यात एका बोटाची कॉर्ड हा भाग आहेच, पण कान तिथं मदत करतो हाही आहे.

तर पहिली तपासणी ही. स्ट्रमिंग बंद, जी सेव्हन धरा, चार तारा सावकाश एकेक छेडा. हे वाजवायला बसताना करा आणि उठताना परत करा. उठतानाची तपासणी जास्त महत्त्वाची आहे. मी वहीत आठ दिवस टिपून ठेवलं होतं. बसताना रोज चारही तारा जिवंत, उठताना आठपैकी सहा दिवस ई मेलेली.

बोट कुणाचं?

सगळे तर्जनीला दोष देतात, कारण ई तार तर्जनीनं दाबलेली असते. मीही महिनाभर तर्जनी जोरात दाबत राहिलो. त्यानं एवढंच झालं की तार आडवी ओढली जाऊन एफ चढा लागायला लागला.

तर्जनी बहुतेक वेळा निर्दोष असते. दुसऱ्या फ्रेटच्या घरात काय चाललंय ते वरून वाकून बघा. तिथं सी तारेवर मधलं बोट उभं आहे, ए तारेवर अनामिका, आणि या दोघांच्या मधल्या बोळातून ई तार जाते. पेठेतल्या जुन्या घरांच्या मधून जातात तसला बोळ, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढा. नटपाशी, म्हणजे खुंट्यांखालच्या खाचांच्या पट्टीपाशी, दोन तारांमध्ये साधारण नऊ मिलिमीटर अंतर असतं. बोटाचं टोक चौदा-पंधरा मिलिमीटर रुंद धरलं तर निम्मं सात. म्हणजे मधलं बोट सरळ उभं असलं तरी ई तारेपासून ते जेमतेम दोन मिलिमीटरवर. जरा आडवं झालं की त्याचा मऊ भाग तारेला टेकला. तर्जनीनं पहिल्या फ्रेटवर कितीही दाबा, पुढं दुसऱ्या घरात तार कुणीतरी अडवून ठेवली आहे. गंमत म्हणजे तर्जनी जाता जाता ए तारेला टेकलेली असते तिचं काही बिघडत नाही, कारण ए तार दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली आहे आणि तर्जनी तिच्या मागं आहे.

ओळखायचं कसं? कॉर्ड धरून ई तार छेडा. टप् वाजली तर मधलं बोट तेवढं उचला आणि परत छेडा. सूर मोकळा झाला तर चोर सापडला. नाही झाला तर अनामिका उचलून बघा. दोन्ही उचलूनही टप्, तरच तर्जनी, आणि तेव्हा बघायचं की ती फ्रेटच्या पट्टीजवळ आहे का घराच्या अलीकडच्या टोकाला, नटजवळ.

उपाय बोळ रुंद करण्याचा. मधल्या बोटाला पलीकडं सरकायला फारशी जागा नाही. जी तारेकडं ढकललं तर उघडी जी मरते. अनामिकेला मात्र आहे. ए तारेच्या पलीकडं कुठलीच तार नाही, नुसती दांडीची कड. अनामिका एक-दीड मिलिमीटर बाहेर घ्या, तार कडेवरून घसरणार नाही एवढं बघा. मग मधल्या बोटाचं पहिलं पेर उभं करा. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर बोट उभं राहूच शकत नाही, हे सांगायला नको. पण सांगतो, कारण माझी होती.

मग परत परत का?

इथपर्यंतचं मला रविवारी जमत होतं. गुरुवारपर्यंत जात होतं. वहीतल्या त्या 'उठताना' नोंदींमुळं लक्षात आलं की बोटं सुरुवातीला उभी असतात आणि अर्ध्या तासात झोपतात. का झोपतात याचं उत्तर उजव्या हातात निघालं.

करून बघा. नेहमीसारखं उकुलेले धरा आणि डावा हात पूर्ण काढून घ्या. वाद्य जागेवर राहिलं तर ठीक. दांडी खाली गेली, तर इतके दिवस दांडी डाव्या हातानं तोलून धरलेली आहे. तोलून धरायचं म्हटलं की दांडी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात जाते, तळवा दांडीला चिकटतो, मनगट मागं पडतं आणि बोटं आपोआप सपाट होतात. मग मधलं बोट ई तारेवर टेकतं. वाजवायला लागल्यावर घाम येतो, वाद्य अजून थोडं घसरतं, पकड अजून घट्ट होते. कोल्हापुरात मे महिन्यात हे दहा मिनिटांत होतं.

म्हणजे मधल्या बोटाला दर रविवारी शिकवून उपयोग नव्हता. उजवा कोपराखालचा हात वाद्याच्या अंगावर दाबून ते बरगडीशी पक्कं धरलं पाहिजे. हवाईत पट्ट्याशिवाय, उभ्यानं, छातीशी धरून वाजवणारे असंच धरतात. आपल्याला घाई असेल तर सरळ पट्टा लावा. मी लावला. पट्टा लावणं म्हणजे कमीपणा असं काहींना वाटतं. माझ्या मते नवशिक्यानं उकुलेलेबरोबरच पट्टा घ्यावा, शोभेच्या पिशवीचे पैसे वाचवून. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागं, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटच्या आसपास, आणि तळव्याखालून उजेड दिसला पाहिजे. पट्टा लावल्यापासून दोन आठवड्यांत 'उठताना' सगळ्या नोंदी चार तारांच्या झाल्या.

वाद्य सोप्रानो, म्हणजे लहान आकाराचं, असेल तर अडचण थोडी जास्त. पहिल्या फ्रेटचं घर जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं, दुसरं त्याहून लहान. जाड बोटांच्या माणसाला त्याहून मोठं कॉन्सर्ट बरं पडतं. पण वाद्य बदलण्याआधी पट्टा.

दोन तारांचा सराव

काकांनी दाखवलेला हा सराव मला कॉर्ड बदलण्याच्या सगळ्या सरावांपेक्षा उपयोगी पडला. गाण्याचा सा पांढरी एक, म्हणजे सी, धरला तर जी सेव्हनचा ताण दोन सुरांत आहे, म आणि शुद्ध नी. सी वर उतरताना म खाली येऊन ग होतो आणि नी वर जाऊन सा होतो. उकुलेलेवर हे डोळ्यांनी दिसतं. ई तारेवरची तर्जनी उचलली की एफ चा ई, म्हणजे म चा ग. ए तारेवरची अनामिका दुसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्यावर सरकली की बी चा सी, म्हणजे नी चा सा. बाकीच्या दोन तारांना हातच लावायचा नाही. ई आणि ए एकदम छेडा: म-नी. सरकवा, उचला, परत छेडा: ग-सा. मेट्रोनोम ६० वर ठेवून चार मात्रा इकडं, चार तिकडं.

यात अनामिका तार सोडत नाही, फक्त दाब कमी करून सरकते. ती सरकवायची सवय लागली की सी वरून जी सेव्हनवर येताना एक बोट आधीच घरी पोचलेलं असतं आणि उरलेली दोन शोधावी लागत नाहीत. एफ वरून येत असाल तर त्याहून सोपं. एफ २०१० मध्ये तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवरच असते. तिला हलवू नका. मधलं बोट जी तारेवरून सी तारेवर आणा, अनामिका ठेवा, झाली जी सेव्हन. एफ, जी सेव्हन, सी असा फेरा घाला. यातल्या पहिल्या दोन बदलांत एक बोट तारेवरच राहतं. जी मेजरवरून जी सेव्हन मात्र खरंच त्रासाची आहे, बोटांचा त्रिकोण उलटा फिरतो. ते शेवटी करा.

एवढं करूनही टप् येत असेल तर

मग वाद्य बघा. माझ्या भाच्याच्या उकुलेलेत हीच भानगड होती. ऑनलाइन मागवलेलं, स्वस्तातलं, दिसायला चकचकीत. खुंट्यांच्या खाली तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तो नट. त्याच्या खाचा उथळ असतील तर तारा उंच राहतात आणि सगळ्यात जास्त त्रास पहिल्या फ्रेटवर होतो, म्हणजे आपल्या एफ लाच. ई तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती अधांतरी आहे ते उजेडात बघा. पातळ कागद जाईल एवढीच फट हवी. दुसरी खूण ट्यूनरवर मिळते. उघडी ई नेमकी लावा, मग पहिल्या फ्रेटवर हलक्या हातानं दाबून एफ बघा. तिसऱ्या, पाचव्या फ्रेटवर सूर बरोबर येतो आणि पहिल्यावरच चढतो, तर नट उंच आहे.

खाच बारीक कानशीनं खोल करतात. हे घरी करू नका. केसभर जास्त घासलं तर उघडी तारच फ्रेटवर झणझणायला लागते आणि मग नट बदलावा लागतो. आम्ही ते घेऊन मिरजेला गेलो, पन्नासेक किलोमीटर. सतारी-तंबोऱ्यांचं गाव, त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागिरानं ते हातात घेऊन आधी उलटसुलट केलं, "तंबोऱ्याचं पिल्लू" म्हणाला, आणि विचारलं, "जवारी काढायची का घालवायची?" जवारी म्हणजे झणझण. तंबोऱ्याला ती मुद्दाम आणतात, घोडीवर तासून, तारेखाली दोरा घालून. इथं उलटं काम होतं. अर्ध्या तासात चारही खाचा झाल्या आणि भाच्याच्या बोटांना निम्मं दाबून एफ मोकळा वाजायला लागला.

पावसाळ्यात वाद्य खिडकीपाशी टांगून ठेवू नका. सॉलिड लाकडाचं असेल तर दमटपणानं वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. जूनमध्ये बरी वाजणारी कॉर्ड ऑगस्टमध्ये जड जाते ती यामुळंही.

बाकीच्या सेव्हन

त्या बोळाची भानगड जी सेव्हनपुरती नाही. ई सेव्हन १२०२ मध्ये मधलं बोट आणि अनामिका त्याच दोन जागी असतात आणि मधून उघडी ई जाते. तिथं ती मेली तर कोमल नी राहतो आणि कॉर्डचा सा च जातो. उरतात जी शार्प, डी, बी. ताण राहतो, म्हणून पुन्हा कळत नाही. एफ सेव्हन २३१३ म्हणजे तोच आकार एक फ्रेट ताणलेला. बोळ अनामिका आणि करंगळीच्या मधला, आणि करंगळी कुणाचं ऐकत नाही. ए सेव्हन ०१०० ला एकच बोट लागतं, पण तिचा कोमल नी म्हणजे वरची उघडी जी. तर्जनी सी तारेवर जास्त आत गेली की जी ला टेकते आणि साधी ए मेजर उरते. बी सेव्हन २३२२ मध्येही तो जी तारेवरच असतो, आडव्या तर्जनीच्या टोकाखाली, तिथं दाब कमी पडतो.

डी सेव्हन २२२३ मध्ये आडवी तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर आणि मधलं बोट ए तारेच्या तिसऱ्यावर. इथं कोमल नी कडेला असल्यामुळं सहसा मरत नाही. मरते ती ई तार, तर्जनीच्या पेराच्या घडीत सापडून. तर्जनी किंचित कुशीवर वळवली की घडी तारेवरून बाजूला होते. ते जमेपर्यंत अनेकजण २०२० वाजवतात. दोन बोटं, ए, सी, एफ शार्प, ए. कोमल नी आहे, ताण आहे, पण यात डी कुठंच नाही. एकट्यानं वाजवलं की कॉर्ड अधांतरी राहते.

काकांसमोर मी ती वाजवली तेव्हा ते दोन फेऱ्या ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्यात सा न्हाई."

"नाहीच," म्हटलं.

त्यांनी पेटी ओढली, खालच्या सप्तकातली पांढरी दोन दाबून धरली आणि मान हलवली. "आता वाजव."